पाच आवाजांचे यंत्र आणि आपला सूर
(जुन्या व्हिडिओ गेमवरील संगीत : एक अभ्यासपाठ)

मुलांच्या हातातील खेळ हा पालकांच्या आणि शिक्षकांच्या चिंतेचा विषय झाला आहे. वसतिगृहाच्या भेटीच्या दिवशी आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मोबाइलचाच असतो. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणारे पालक सुट्टीत मुलाच्या हाती फोन देऊन जातात, कारण संपर्काचे दुसरे साधन नसते. आणि मग त्या फोनवरील खेळात मूल हरवते. या चिंतेला उत्तर म्हणून ‘खेळ बंद करा’ एवढेच सांगणे आम्हाला अपुरे वाटते. खेळाच्या यंत्राकडे पाहण्याची दुसरी एक रीत आहे. जगभरातील काही हौशी लोकांनी जुन्या, अत्यंत मर्यादित व्हिडिओ गेममधून संगीत निर्माण केले. जे यंत्र केवळ खेळविण्यासाठी विकले गेले, त्याला त्यांनी वाद्य बनविले. ही हकिकत गमतीची आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तिच्याकडे पाहिले असता ज्ञान कोणाच्या हाती राहते, हा आपल्या चळवळीचा मूलभूत प्रश्न तिच्यात दिसतो. म्हणून या स्मरणिकेत हा अभ्यासपाठ सादर करीत आहोत.

१. खेळणे म्हणून घरी आलेला संगणक

इ. स. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी इंग्लंडमधील बीबीसी मायक्रो हा संगणक निवडण्यात आला. आरंभी देशभरातील सुमारे २५० शाळांत तो बसविला गेला. एवढ्या मोठ्या देशात अडीचशे शाळा म्हणजे समुद्रात ओंजळ. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य शाळांच्या वाट्याला ते यंत्र आले नाही हे उघड आहे.

मात्र पुढील दशकात दुसऱ्या वाटेने एक संगणक आपल्या वस्त्यांपर्यंत आला. त्याला कोणी संगणक म्हणत नसे. त्याचे नाव ‘टीव्ही गेम’. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचा खेळसंच विक्रीस आणला होता. त्याच्या स्वस्त नकला पूर्व आशियात तयार होऊन भारतीय बाजारात आल्या. टीव्हीला जोडायचा संच, दोन रिमोट, आणि वरून खोचायची ‘कॅसेट’, जिच्यावर शेकडो, कधी लाखो खेळांचा आकडा छापलेला असे आणि प्रत्यक्षात तेच तेच खेळ फिरून येत. मारिओ आणि कॉन्ट्रा ही नावे आमच्या चाळिशीतल्या माजी विद्यार्थ्यांना आजही आठवतील. ज्या घरी संच नव्हता, त्या घरची मुले तासाच्या भाड्याने खेळत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निवडक शाळांतील बीबीसी मायक्रो आणि बाजारातील हा टीव्ही गेम यांच्या पोटातील मुख्य चिप एकाच कुळातील होती. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या ‘६५०२’ या स्वस्त प्रोसेसरची ही दोन्ही भावंडे. म्हणजे यंत्राच्या क्षमतेत फार अंतर नव्हते. अंतर होते ते वेगळ्याच ठिकाणी. बीबीसी मायक्रोला कळफलक होता. मुलाने त्यावर स्वतः आज्ञा लिहावी अशी त्याची रचना होती. टीव्ही गेमची कॅसेट मात्र बंद होती. आत काय आहे ते पाहण्याची, बदलण्याची, स्वतःचे काही लिहिण्याची मुभा तिच्यात नव्हती. एका मुलाला लिहिणारा मानले गेले, दुसऱ्याला केवळ खेळणारा. हा भेद आपल्या समाजाला नवा नाही.

२. पाच आवाज

त्या बंद पेटीत किती सामर्थ्य होते ते आता पाहू. फॅमिकॉमच्या चिपमध्ये ध्वनीसाठी पाच वाटा होत्या. पहिल्या दोन चौकोनी तरंगाच्या. त्यांचा आवाज सनईच्या पत्तीसारखा टोकदार. तरंग किती वेळ वर राहतो याचे प्रमाण १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के ठेवता येई आणि त्यानुसार आवाजाचा पोत बदले. तिसरी वाट त्रिकोणी तरंगाची. तिचा आवाज मऊ व घुमणारा. बहुधा खर्जासाठी वापरला जाई. तिला लहान-मोठे करण्याची सोय नव्हती. वाजेल किंवा थांबेल, एवढेच. चौथी वाट खरखरीची. तिच्यातून ताशाचा, टाळ्यांचा, स्फोटाचा भास निर्माण केला जाई. पाचवी वाट ध्वनिमुद्रित तुकडा अगदी ओबडधोबड रूपात वाजविण्याची. चौकोनी वाटांना आवाजाच्या केवळ सोळा पायऱ्या होत्या.

स्वरांचाही हिशेब होता. जपानी-अमेरिकी संचात चिपचे घड्याळ सेकंदाला सुमारे १७,८९,७७३ वेळा ठोके देई. चौकोनी वाटेचा स्वर काढण्यासाठी या संख्येला १६ने आणि मग एका पूर्ण संख्येने भागावे लागे. ती पूर्ण संख्या २५४ घेतली, तर सेकंदाला सुमारे ४४०.४ कंपने मिळतात. पाश्चात्य वाद्ये ज्या ४४० कंपनांवर जुळवतात त्याच्या अगदी जवळ. संख्या निम्मी, म्हणजे १२७ केली की स्वर बरोबर एका सप्तकाने वर जातो. खालच्या स्वरांत ही पायरी बारीक असते: २५४ऐवजी २५३ घेतल्यास जेमतेम पावणेदोन कंपनांचा फरक. पण वर जावे तशी पायरी रुंद होते. ३२वरून ३१वर आलो की कंपने ३,४९६वरून एकदम ३,६०८ होतात. मधला कोणताही स्वर हे यंत्र देऊ शकत नाही. सातवीच्या भागाकारातून आणि व्यस्त प्रमाणातून असे प्रत्यक्ष ऐकू येणारे उत्तर क्वचितच मिळते.

एवढ्या तुटपुंज्या साधनांत संगीतकारांनी युक्त्या शोधल्या. तीन स्वर एकदम हवेत आणि वाट एकच मोकळी आहे, तर ते तीन स्वर इतक्या वेगाने आळीपाळीने वाजवायचे की कानाला एकत्रित झंकार भासावा. घुमारा हवा, तर दुसऱ्या चौकोनी वाटेने तीच धून किंचित मागून, हलक्या आवाजात म्हणायची. कोजी कोंडो यांचे संगीत असलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. चित्रे, नियम आणि संगीत मिळून तो संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसविलेला होता. आज मोबाइलवरील एक साधे छायाचित्र त्याहून कितीतरी मोठे असते. मारिओने उडी मारली की उडीच्या आवाजाला जागा देण्यासाठी धुनेतील एक वाट क्षणभर गप्प होई. ऐकणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नसे.

आपल्याकडील नकली संचांनी या संगीतात नकळत आपली भर घातली. अनेक नकली चिपांत २५ आणि ५० टक्के या दोन प्रमाणांची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे धुनेचा पोत मूळ संचाहून वेगळा उमटे. शिवाय जपानमध्ये टीव्हीवरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तर भारतातील पाल पद्धतीत ५० वेळा. खेळाचे संगीत बहुधा चित्राच्या ठेक्यावर चाले. म्हणून पाल पद्धतीसाठी बनविलेल्या संचांत तीच धून मुळाहून सहाव्या हिश्शाने सावकाश वाजे. आमच्या पिढीच्या मुलांनी ऐकलेला मारिओ हा असा थोडा संथ आणि थोडा निराळ्या गळ्याचा मारिओ होता.

३. सात शुद्ध स्वरांची चौकट

खेळाच्या यंत्रावर मुलांनी स्वतः संगीत रचावे, असा एक जुना आणि आनंददायी प्रयत्न म्हणजे १९९२ साली निन्टेन्डोच्या पुढच्या संचासाठी आलेला ‘मारिओ पेंट’. तो मुख्यतः चित्रे काढण्याचा कार्यक्रम. त्याच्याबरोबर माउस मिळे. त्यातच एक लहान संगीतकक्ष होता. पाच रेघांच्या पाटीवर स्वरचिन्हांऐवजी चित्रे ठेवायची: मारिओचे तोंड, तारा, फूल, मोटार, कुत्रा, मांजर, डुक्कर, तान्हे बाळ. प्रत्येक चित्राचा आवाज निराळा. कुत्रा भुंकून स्वर लावतो, मांजर म्याव करून. मुलांना हसू फुटेल अशीच ती योजना आहे.

पण तिच्या मर्यादा पाहा. एका मात्रेवर जास्तीत जास्त तीन आवाज. चार मात्रांच्या गणनेत २४ खंड, म्हणजे एकूण ९६ मात्रा. पल्ला दोन सप्तकांहून कमी. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे कोमल व तीव्र स्वर मुळीच नाहीत; केवळ सात शुद्ध स्वर. संगीताच्या जाणकाराला वाटेल, यात काय रचणार?

आपल्या संगीतशास्त्रातील मूर्च्छनेची कल्पना येथे उपयोगी पडते. स्वर तेच ठेवून ‘सा’ची जागा बदलली की स्वरांमधील अंतरे बदलतात आणि नवे थाट निर्माण होतात. शुद्ध सात स्वरांत ‘सा’पासून सुरुवात केली तर बिलावल. मूळ ‘रे’ला ‘सा’ मानले तर काफी. ‘ग’पासून भैरवी, ‘म’पासून कल्याण, ‘प’पासून खमाज, ‘ध’पासून आसावरी. ‘नी’पासून मात्र थाट बनत नाही, कारण तेथून शुद्ध पंचम मिळत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा थाट या ‘अपुऱ्या’ खेळण्यात दडलेले आहेत. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चारच त्याच्या बाहेर राहतात. भूपाचे पाच स्वर घेतले तर आणखी गंमत होते. त्यांच्या ‘रे’ला ‘सा’ केले की मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात, ‘ग’ला केले की मालकंसाचे, ‘प’ला केले की दुर्गेचे आणि ‘ध’ला केले की धानीचे. ९६ मात्रा म्हणजे त्रितालाची सहा, केरव्याची बारा, किंवा दादऱ्याची सोळा आवर्तने. एका छोट्या गीताला एवढी जागा पुष्कळ झाली.

राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे खरे. मींड, गमक, श्रुती यांचा सूक्ष्म विलास या चौकटीत येत नाही. परंतु स्वर म्हणजे परस्परांमधील अंतर, हे मूलतत्त्व मुलाच्या कानी आणि हाती एकाच वेळी येते. पेटी घेण्याची ऐपत नसलेल्या घरातील मुलालाही ते येऊ शकते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

४. बंद पेटी उघडणारे

१९९८ साली जर्मनीतील ऑलिव्हर विटचोव्ह यांनी ‘नॅनोलूप’, तर २००० साली स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांनी ‘लिटल साउंड डीजे’ हा कार्यक्रम तयार केला. दोन्ही कार्यक्रम १९८९ साली बाजारात आलेल्या ‘गेम बॉय’ या हातातल्या खेळयंत्रासाठी होते. गेम बॉयला चारच आवाज: दोन चौकोनी, एक स्वतः आखता येणारा तरंग, आणि एक खरखर. या दोघांनी कंपनीच्या परवानगीची वाट पाहिली नाही. यंत्र कसे चालते ते अभ्यासून त्यांनी त्यासाठी स्वतःची कॅसेट लिहिली. या संगीताला ‘चिपट्यून’ असे नाव पडले असून जुनी खेळयंत्रे घेऊन रंगमंचावर कार्यक्रम करणारे कलावंत अनेक देशांत आहेत.

आज त्यासाठी जुने यंत्र शोधण्याचीही गरज नाही. ‘फॅमिस्टुडिओ’ नावाचा मोफत कार्यक्रम फॅमिकॉमचे आवाज साध्या संगणकावर देतो. ‘एलएमएमएस’ या मोफत कार्यक्रमातही गेम बॉय आणि फॅमिकॉमसारखे आवाज आहेत. शाळेच्या संगणक कक्षात निकाली निघालेले संगणकही या कामाला पुरतात.

५. मुंबईतील एक उदाहरण

मर्यादित यंत्र आणि आपला राग यांची गाठ महाराष्ट्रात फार पूर्वीच पडली आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीतर्फे एक तबकडी काढली. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग, असा तिचा विषय होता. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस हे राग त्यांनी जपानी रोलँड कंपनीच्या यंत्रांवर बांधले. त्यांतील ‘टीबी-३०३’ हे यंत्र मुळात गिटारवादकांना खर्जाची साथ देण्यासाठी बनविले होते. त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा येत नसल्याने ते फारसे खपले नाही. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, आणि रागाला हवी होती ती नेमकी तीच. तबकडी त्या काळी विशेष गाजली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा, पुढे शिकागोत उदयास आलेल्या ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी असलेले तिचे साम्य पाहून जगभरचे रसिक थक्क झाले. चरणजित सिंग यांचे २०१५ साली मुंबईत निधन झाले. यंत्रातील उणीव हीच वाट होऊ शकते, हे त्यांच्या कामातून दिसते.

६. तुणतुणे, हलगी आणि आपण

हे सारे वाचून कोणी विचारील, याचा आपल्याशी काय संबंध? आमच्या मते संबंध अत्यंत निकटचा आहे.

तुणतुण्याला एकच तार असते. तमाशात आणि जलशात त्या एका तारेवर सबंध रात्र उभी राहिली. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गाण्यातून बाबासाहेबांचा विचार पेरला. त्यांच्यापाशी वाद्यवृंद नव्हता, ध्वनिमुद्रणाची दालने नव्हती. पुढे स्वस्त कॅसेटचा काळ आला तेव्हा भीमगीते चौकाचौकांत पोहोचली. जे साधन हाती पडले, त्याचा पुरेपूर वापर करणे हा आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा स्थायीभाव आहे.

त्याच इतिहासाची दुसरी बाजू वेदनेची आहे. ढोलकीचे, हलगीचे कातडे कमावणारे हात आणि ती वाजविणारे हात गावकुसाबाहेरचे होते. मातंग, होलार, महार या समाजांकडे वाजविणे आले ते कला म्हणून नव्हे, तर जातीने लादलेली सेवा म्हणून. गावाने बोलाविले की जायचे, वाजवायचे आणि मंदिराच्या पायरीखाली थांबायचे. संगीताचे शास्त्र लिहिणारा वेगळा आणि संगीताचे श्रम करणारा वेगळा, ही विभागणी जातिव्यवस्थेने केली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी म्हटले, ते येथे तंतोतंत लागू पडते. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांनी गावकीची सक्तीची कामे नाकारली, तेव्हा त्यांनी सूर नाकारला नाही. सुराबरोबर आलेली गुलामी नाकारली. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता नवी विभागणी आकार घेत आहे. एकीकडे यंत्र लिहिणारे थोडे, दुसरीकडे यंत्रासमोर बसून बोटे चालविणारे असंख्य. आपली मुले या दुसऱ्या गटात ढकलली जात आहेत, आणि हातात महागडा फोन आहे म्हणून आपण प्रगती झाली असे समजतो. बंद कॅसेट घेऊन खेळणारे मूल आणि दुसऱ्याच्या आज्ञेवर हलगी वाजविणारा माणूस यांच्या यातना अर्थातच समान नाहीत. तशी तुलना करणे पूर्वजांवर अन्याय ठरेल. परंतु दोघांनाही शास्त्रापासून दूर ठेवले गेले, एवढे साम्य आपण विसरू नये.

७. तथागतांची वीणा

बौद्ध संस्थेच्या शाळेत संगीताला स्थान असावे काय, असा प्रश्न काही श्रद्धावान पालक विचारतात. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहतो, हे खरे आहे. नित्याच्या पंचशीलात मात्र असा निषेध नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व तथागतांसमोर वीणा वाजवून गातो, तेव्हा तारांचा स्वर आणि गीताचा स्वर परस्परांत छान मिसळल्याबद्दल तथागत त्याची प्रशंसा करतात.

अधिक मोलाची आहे सोण कोळिविसाची कथा. अतिरेकी साधनेने त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले आणि तो निराश झाला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. तार अती ताणली तर नीट वाजत नाही, अती सैल सोडली तरी वाजत नाही. समप्रमाणात जुळविली तरच सूर लागतो. मोबाइलच्या बाबतीतही आम्ही हाच मध्यम मार्ग सुचवितो. संपूर्ण बंदी ही ताणलेली तार आहे, संपूर्ण मोकळीक ही सैल तार आहे. पाच आवाज, सात स्वर आणि ९६ मात्रा अशी चौकट मुलाला दिली की तार आपोआप जुळू लागते, कारण तेथे त्याला थांबून विचार करावा लागतो.

८. स्वाध्याय

(अ) खर्जासाठी एक आवाज, धुनेसाठी एक आणि ठेक्यासाठी खरखर, असे तीनच आवाज घेऊन केरव्याची चार आवर्तने रचा. धून स्वतःची असावी; दुसऱ्याची उतरवू नये.

(आ) भूपाच्या पाच स्वरांत एक ओळ बसवा. तेच स्वर ठेवून ‘सा’ बदला आणि भाव कसा पालटतो ते दोन वाक्यांत लिहा.

(इ) १७,८९,७७३ला १६ने भागून आलेल्या संख्येला २००, १०० आणि ५०ने भागा. कोणते नाते आढळते?

(ई) आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या गावात वाजविणारे कोण होते, त्यांना मोबदला काय मिळे, आणि ते कोठे उभे राहत? उत्तरे वहीत नोंदवा. हाही संगीताच्या इतिहासाचाच भाग आहे.

चौथा प्रश्न माजी विद्यार्थ्यांनीही सोडवावा अशी आमची विनंती आहे. तसेच कोणाच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम, त्याच्या कॅसेट किंवा वापरात नसलेला संगणक धूळ खात पडला असेल, तर तो शाळेच्या संगणक कक्षाकडे द्यावा. नादुरुस्त असला तरी चालेल; उघडून पाहण्यासाठी तोच अधिक उपयोगी पडतो. पालकांनी नवे काही विकत घेण्याची गरज नाही. मुलाने केलेली ओबडधोबड धून पाच मिनिटे बसून ऐकावी आणि ‘हे तू कसे केलेस?’ एवढे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता देता मूल खेळणाऱ्याचा घडविणारा होईल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.